इंजेक्शनआधी गव्हाण बघा : वाचकांची पत्रं आणि पशुवैद्यांची उत्तरं

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मायलो विल्टबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधांविषयी लिहिलं होतं. गायींचे हार्मोन, माज आणि गाभण राहणं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यावर नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. काहींना अभ्यास समजून घ्यायचा आहे, पण बहुतेकांना आपल्या दावणीच्या जनावरापुरतं उत्तर हवंय. दुसऱ्या प्रकारची पत्रं आधी घेते.

प्रश्न : ताई, आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय दुसऱ्या वेताची. वीस लिटर दूध आहे. विऊन पाच महिने झाले, तीनदा भरवली (रेतन केलं), तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आता तीन इंजेक्शनांचा कोर्स करा म्हणतात. त्याने गाय कायमची बिघडते असंही गावात बोलतात. करावा का?
— दूध उत्पादक, सिन्नर तालुका

उत्तर : दादा, गाय या कोर्सने बिघडत नाही. ही पद्धत १९९५ साली पर्सली आणि विल्टबँक यांच्याच गटाने प्रसिद्ध केली. पहिलं इंजेक्शन, सात दिवसांनी दुसरं, त्यानंतर साधारण दोन दिवसांनी तिसरं, आणि मग माज दिसो न दिसो, ठरलेल्या वेळी रेतन. ही औषधं गायीच्या शरीरात मुळातच असलेल्या हार्मोनचीच रूपं आहेत. ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात.

पण कोर्स करायचा की नाही, हे ठरवण्याआधी माझे तुम्हाला तीन प्रश्न आहेत.

पहिला, माज कोण बघतं आणि कधी? याच गटाने २००४ साली एक मोजमाप छापलं. दिवसाला सरासरी ४६ किलो दूध देणाऱ्या गायींचा माज सरासरी ६.२ तासच टिकला. ३३ किलोच्या आसपास देणाऱ्यांचा १०.९ तास. कारण असं : दूध जास्त म्हणून गाय खाते जास्त, खाते जास्त म्हणून यकृतातून रक्त जास्त फिरतं, आणि यकृत माजाचं हार्मोन भराभर मोडून टाकतं. बीजांडकोश बिचारा आपलं काम करतोच, पण त्याचा निरोप पोचायच्या आत पुसला जातो. गाभ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचंही तेच होतं. तुमची गाय ४६ लिटरची नाही हे खरं, पण एचएफचं रक्त तेच आहे. रात्री अकराला सुरू झालेला माज पहाटे दूध काढायच्या वेळी ओसरलेला असतो. तुम्ही सकाळी बळस (माजावरच्या गायीच्या खालून येणारा चिकट स्राव) बघता आणि दुपारी भरवता, तोवर वेळ टळलेली असू शकते. रात्री झोपण्याआधी एक चक्कर गोठ्यात टाका. दुसऱ्या जनावराला अंगावर उडी घेऊ देऊन स्थिर उभी राहते का ते बघा. सकाळी माजाची सुरुवात दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा जुना नियम आजही खोटा ठरलेला नाही.

दुसरा, बळस कशी आहे? कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी स्वच्छ, तार धरणारी असेल तर ठीक. गढूळ असेल, पांढरे कण दिसत असतील, तर गर्भाशयात दाह आहे. तिथे हार्मोनचा कोर्स आधी नको, आधी तो दाह बरा करायचा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो फोनवर विचारला की लोक गप्प होतात. व्याल्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांत गाय अंगाने किती उतरली, म्हणजे वाळली? विल्टबँक यांच्या गटाचा २०१४ सालचा एक अभ्यास मी मागे सांगितला होता, पुन्हा सांगते, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. जवळजवळ एकोणीसशे गायी. सगळ्यांना एकाच पद्धतीची हार्मोनची इंजेक्शनं, एकाच वेळापत्रकाने. व्याल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ज्या अंगाने उतरल्या, त्यांच्यातल्या २५ टक्के गाभण राहिल्या. ज्या होत्या तशा राहिल्या, त्यांच्यातल्या ३८ टक्के. आणि ज्या अंगाने थोड्या भरल्या, त्यांच्यातल्या ८३ टक्के. औषध तेच, वेळापत्रक तेच. फरक पडला तो त्या पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे रेतनाच्या दीड-दोन महिने आधी.

गाय उतरली की नाही हे वजनकाट्याशिवायही कळतं. तिच्या मागे उभं राहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तळहात टेकवा. तिथे चरबीची मऊ गादी लागायला हवी. हात थेट खड्ड्यात गेला, माकडहाड आणि चौकाचं हाड कातडीखाली टोकदार लागलं, तर गाय स्वतःचं अंग झिजवून तुम्हाला दूध देते आहे. अशा वेळी मेंदूच बीजांडकोशाला सांगतो, थांब, अजून वेळ आली नाही. बाहेरून इंजेक्शन देऊन आपण त्या निर्णयाशी भांडतो.

म्हणून आधी गव्हाण बघा. मका मुरघास आहे का, की नुसता कडबा आणि सरकी पेंडीवर भागतंय? खनिज मिश्रण रोज जातं, की पुडा आणला तेव्हाच? पाणी चोवीस तास समोर आहे का? सिन्नरच्या उन्हाळ्यात दोन वेळा बादली दाखवून भागत नाही. आणि पुढच्या वेताची तयारी भाकड काळातच करा. व्यायच्या वेळी गाय हाडकुळी नको, तशी अतिलठ्ठही नको. लठ्ठ गायच व्याल्यावर खाणं टाकते आणि सगळ्यात जास्त उतरते.

हे सगळं जागेवर असेल, डॉक्टरांनी हात घालून तपासलं असेल, तर कोर्स जरूर करा. एक खबरदारी मात्र कधीच विसरू नका. मधलं इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचं असतं. गाय आधीच गाभण असेल तर त्याने गाभ पडतो, म्हणून तपासल्याशिवाय ते द्यायचं नाही. शिवाय ते कातडीतूनही शरीरात शिरतं. घरातल्या गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने त्या बाटलीला हातसुद्धा लावू नये. गोठ्याचं काम आपल्याकडे बायकाच करतात आणि ही गोष्ट त्यांना कोणीच सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

प्रश्न : मॅडम, आम्ही द्राक्षवाले. मण्यांना जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग दिलं, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवले, की फुगवण मिळते, हे आमच्या रोजच्या कामातलं. घरच्या दोन म्हशींना दूध काढणारा माणूस रोज दोन्ही वेळा बारक्या बाटलीतलं इंजेक्शन टोचतो. म्हणतो, याने दूध वाढतं, द्राक्षाच्या टॉनिकसारखंच आहे. खरं का?
— बागायतदार, निफाड

उत्तर : खरं नाही. जिबरेलिक ॲसिडने मण्यातल्या पेशी खरोखर वाढतात. त्या बारक्या बाटलीत असतं ऑक्सिटोसिन, आणि ते दुधाचा एक थेंबही तयार करत नाही. कासेत तयार होऊन बसलेलं दूध ते फक्त खाली सोडतं. म्हणजे पान्हा. तो तुमच्या म्हशीच्या मेंदूतून फुकट येत असतो.

पारडू सडाला लागलं, कास धुतली, ओळखीचा हात फिरला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, कासेपर्यंत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतं. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. गायीच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या कोठीत आधीच उतरलेलं असतं, म्हणून पान्हा नसला तरी चार धारा मिळतात. म्हशीच्या कोठीत जेमतेम पाच टक्के असतं. बाकी सगळं वर. म्हणून म्हैस पान्हवली नाही की बादली कोरडी, आणि म्हणूनच हे इंजेक्शन म्हशीवाल्यांच्या गळ्यात पडलं.

म्हैस पान्हा का चोरते, याचं उत्तर १९४१ सालीच मिळालं आहे. मिनेसोटात एली आणि पीटरसन या दोघांनी गायीच्या अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या. मग दूध काढण्याआधी तिला घाबरवलं : पाठीवर मांजर ठेवलं, कानाजवळ कागदी पिशव्या फोडल्या. दोन्ही बाजूंचं दूध अडलं, नसा असलेल्या आणि नसलेल्याही. म्हणजे खेळ नसांचा नाही, रक्तातून येणाऱ्या हार्मोनचा आहे, आणि भीतीचं ॲड्रेनलिन तो बिघडवतं. तुमच्या गोठ्यात मांजर कोणी पाठीवर ठेवत नसेल, पण काठी आहे का? दूध काढताना कुत्रं फिरतं का? माणूस दर महिन्याला बदलतो का? आणि रोजची सुई हीच एक भीती आहे. म्हैस त्या माणसाची चाहूल लागली की आखडते, मग त्याला सुई आणखी गरजेची वाटते.

रोज टोचत राहिलं की म्हशीचा स्वतःचा पान्हा मंदावतो, बिनसुईची ती दूध सोडेनाशी होते. एकच सुई दोन्ही जनावरांना वापरली तर गाठी आणि संसर्ग वेगळेच. कायद्याचं म्हणाल तर प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६०, याच्या बाराव्या कलमात दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे, कैद आहे, आणि जनावर जप्त होऊ शकतं. आपल्या गोठ्यात असं होऊ देणारा मालकही त्यात येतो, एकटा टोचणारा नाही.

औषध म्हणून ऑक्सिटोसिन मौल्यवान आहे, हेही सांगायला हवं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून त्याने असंख्य बायकांचे जीव वाचवले आहेत. २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केली, त्यामागे हीच काळजी होती. जनावरातही व्याल्यानंतर काही वेळा ते लागतं. पण ते डॉक्टरांच्या हातून.

सवय मोडायची तर एका दिवसात नाही. तुमच्या पशुवैद्यांना सांगून मात्रा हळूहळू कमी करत आणा. तोवर माणूस एकच ठेवा, वेळ एकच ठेवा. पारडू असेल तर आधी त्याला सोडा. समोर खुराक ठेवा, कोमट पाण्याने कास धुवा, सड हलके चोळा आणि दोन मिनिटं थांबा. म्हशीला गायीपेक्षा जास्त वेळ लागतो. कास धुऊन तुम्ही बादली शोधायला गेलात तर तो पान्हा वाया गेला समजा.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. शेजारणी म्हणतात, इंजेक्शनचं दूध आणि हार्मोनची कोंबडी खाऊन मुली लवकर मोठ्या होतात. दोन्ही बंद करू का?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बंद करू नका, ताई. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. डाळीतल्या प्रथिनासारखीच ती पोटात पचून जाते. शिवाय ते वयात आणणारं हार्मोनच नाही. म्हशीवर अन्याय होतो म्हणून ते इंजेक्शन वाईट, तुमच्या मुलीच्या पेल्यामुळे नव्हे.

कोंबडीचं तर मी कळकळीने सांगते, कारण ही अफवा ऐकून घरातलं एक चांगलं प्रथिन लोक बंद करतात. ब्रॉयलर कोंबडीला वाढीची हार्मोनं टोचत नाहीत. वाढीचं हार्मोन खाद्यातून दिलं तर पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हापुन्हा सुई टोचणं कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. मग ती इतकी लवकर का वाढते? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांचे पक्षी जपून ठेवलेल्या वंशातून एकत्र वाढवले. खाद्य सगळ्यांना एकच. छप्पन्न दिवसांनी पहिल्या वाणाचा पक्षी सुमारे ९०० ग्रॅम, दुसऱ्याचा १८०० ग्रॅम, तिसऱ्याचा ४२०० ग्रॅम. निवड पद्धतीने केलेल्या पैदाशीचा हा परिणाम. त्या वेगाचा त्रास पक्ष्यांच्या पायांना आणि हृदयाला होतो, तो विषय गंभीर आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापरही गंभीर आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध पोल्ट्रीत वापरायला २०१९ मध्ये आपल्याकडे बंदी आली. काळजी करायची तर याची करा.

मुलीबाबत : आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली असेल, किंवा आत्ताच पाळी सुरू झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल तर तिचं वजन आणि खेळणं याकडे लक्ष द्या. लठ्ठपणाचा आणि लवकर वयात येण्याचा संबंध मात्र खरा आहे.

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर मादी आठ वर्षांची. पिल्लं कधी नाहीत, नसबंदी केलेली नाही. दोनदा माज थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं. महिन्याभरापूर्वी माजावर होती. आता खूप पाणी पिते, खात नाही, मलूल आहे. उन्हामुळे असेल का?
— गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी संपादकांकडून यांना फोन करवला, कारण असल्या पत्राला अंकाची वाट बघून चालत नाही. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी.

नसबंदी न केलेली वयस्क मादी, माजानंतर चार ते आठ आठवड्यांत भरपूर पाणी पिऊ लागली, तर उन्हाला दोष देऊ नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करा. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कुत्रीच्या शरीरात प्रत्येक माजानंतर, गाभण असो वा नसो, जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन राहतं. दर वेळी गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि एखाद्या वर्षी त्यात जंतू घर करतात. त्यांच्या विषाने मूत्रपिंडाला पाणी धरता येत नाही, म्हणून ती तहान. खालून स्राव दिसला तर निदान लवकर होतं. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर काहीच दिसत नाही आणि तो प्रकार जास्त घातक. उपाय बहुतेक वेळा शस्त्रक्रिया हाच. माज थांबवायची इंजेक्शनंही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची, त्यांनी हा धोका वाढतो. मी ती कोणालाही सुचवत नाही.

नसबंदी कधी करावी? १९६९ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात स्तनांच्या गाठींचा धोका, नसबंदी न केलेल्या माद्यांच्या तुलनेत, पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्यांत अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर सव्वीस टक्के निघाला. त्या आकड्यांचा पाया पुढे काहींना पुरेसा भक्कम वाटला नाही, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे आजार वाढतात असंही दिसलं. म्हणून लॅब्रेडॉरसाठी वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण करायचीच नाही, असं ठरवू नका.

प्रश्न : म्हैस उन्हाळ्यात माजावरच येत नाही. औषध सांगा.
— येवला

उत्तर : बहुतेक ती येत असते, मुकी. म्हशीचा माज तसाही कमी दिसतो, त्यात दिवस मोठा झाला की मेंदूतलं मेलॅटोनिन कमी होतं आणि तिचं चक्र मंदावतं. दिवस लहान व्हायला लागले की ती आपोआप सुधारते, म्हणून पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत बहुतेक म्हशी भरतात. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा, छपरावर पाचट टाका, हिरवा चारा संध्याकाळी द्या आणि माज रात्री किंवा भल्या पहाटे शोधा. तीन महिने काहीच दिसलं नाही तर तपासून घ्या. आधीच गाभण निघाल्याचीही उदाहरणं आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे. तुमचा लेख वाचून मला जनावरांच्या हार्मोनवर संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, डॉक्टर व्हायचं तर माणसांची हो. काय वाचू?
— एक विद्यार्थिनी, चांदवड

उत्तर : घरच्यांना सांग की हार्मोनचं शास्त्र जनावरांतूनच सुरू झालं. १८४९ साली जर्मनीत गटिंगेनला बर्थोल्ड यांनी सहा नर कोंबड्यांवर प्रयोग केला. अंडकोश काढले की तुरा सुकतो, आरव बंद होतो. तेच अंडकोश पोटात दुसरीकडे बसवले, जुन्या नसा तुटलेल्या असल्या, तरी तुरा परत येतो. म्हणजे काहीतरी रक्तातूनच जातं. चार पानांचा निबंध होता तो. पुढे १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून, आणि कितीतरी वर्षं माणसांनी गायी-डुकरांचं इन्सुलिन घेतलं.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीचा प्रवेशही नीटमधूनच होतो, तेव्हा तयारी वेगळी करावी लागणार नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आहेत. वाचायला शोधनिबंध आत्ताच घेऊ नकोस, जीवशास्त्राचं पुस्तक पक्कं कर. पुढे निबंध वाचशील तेव्हा हार्मोनच्या आकड्यांआधी त्या गायींना खायला काय होतं, त्या कितव्या वेताच्या होत्या, किती दूध देत होत्या, हे शोध. आपल्या शेडमधल्या गायीला तो निष्कर्ष लागू पडतो का, ते तिथे कळतं.

आणि परीक्षा झाली की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचार, मी बसून बघू का? सकाळी लवकर जा, गायी तेव्हाच येतात. गमबूट घालून जा.